निवळलेले, गाळलेले आणि उकळलेले पाणी

जुलै महिन्यात बोईसरमधल्या चाळींतून सकाळी फेरफटका मारला, तर बऱ्याच नळांच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके बांधलेले दिसते. नळाला आलेले पाणी चहाच्या रंगाचे असते. ते हंड्यात भरले, की घरातली मोठी बाई तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून पाण्यात चार-सहा वेळा फिरवते आणि हंडा झाकून ठेवते. तासाभराने वरचे नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतले जाते, तळाचा गाळ मोरीत जातो. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्यापुरते पाणी उकळले जाते.

निवळणे, गाळणे, उकळणे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मिश्रणातील घटक वेगळे करणे’ या पाठात हेच येते. वाळू आणि मीठ, लोखंडाचा कीस आणि गंधक, कापूर आणि मीठ अशा जोड्या मुले पाठ करतात, दोन गुणांचे उत्तर लिहितात आणि विसरतात. विसरायला हरकत नाही, पण त्यातली एक गोष्ट लक्षात राहायला हवी होती. मिश्रणातला प्रत्येक घटक कुठल्या तरी एका गुणधर्मात दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि त्या गुणधर्माला धरूनच तो बाहेर काढावा लागतो. आकार वेगळा असेल तर चाळणी किंवा कापड चालते. वजन वेगळे असेल तर सूप चालते किंवा नुसते थांबणे चालते. उकळण्याचा अंश वेगळा असेल तर वाफ करून थंड करता येते. चुकीचा गुणधर्म धरला, तर मेहनत होते आणि घटक जागच्या जागी राहतो.

पावसाळ्यात सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कावीळ आणि जुलाबाचे जे रुग्ण येतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी पाणी गाळलेले असते. “आम्ही गाळूनच पितो,” हे वाक्य ते प्रामाणिकपणे सांगतात. ते खोटे नसते, अपुरे असते.

तुरटीपासून सुरुवात करू. गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात, की त्यांच्यावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि ते तासन् तास तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा धनभार तो भार मारून टाकतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, जड होतात आणि खाली बसतात. आपल्याकडे हेच काम निवळीच्या बिया उगाळून करत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधने सांगितली आहेत, त्यांत निवळी म्हणजे कतक आहे आणि वस्त्रही आहे. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात आजही तुरटीच वापरतात, फक्त पोत्यांनी. गोळे बसताना काही जंतूही त्यांत अडकून तळाला जातात, पण सगळे नाही. पाणी नितळ झाले म्हणजे निर्जंतुक झाले, ही आपल्या घराघरातली सर्वांत पक्की आणि सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. काविळीचा विषाणू पाण्यात लाखोंनी असला, तरी पाणी काचेसारखे दिसू शकते.

मग कापड निरुपयोगी आहे का? तसे मुळीच नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. बायकांना सांगितले होते, की जुनी सुती साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळा. पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले. पटकीचा जंतू साडीच्या छिद्रापेक्षा कितीतरी लहान असतो, मग तो अडकला कसा? तो पाण्यातल्या अगदी बारीक, कोळंबीच्या कुळातल्या जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि छिद्रे आणखी बारीक होतात. नारूच्या रोगाची गोष्ट अशीच आहे. पायातून दोऱ्यासारखी लांब अळी काडीला गुंडाळून काढणारी माणसे महाराष्ट्रातल्या जुन्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. पायऱ्यांच्या विहिरींतल्या पाण्यातून, तशाच एका बारीक जीवाच्या पोटात बसून तो रोग यायचा. औषध नव्हते, लस नव्हती. गाळण्याचे कापड, विहिरींची डागडुजी आणि हातपंप यांच्या बळावर तो गेला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

म्हणजे क्रम असा. आधी निवळणे, मग जाड पदरी कापडाने गाळणे, आणि त्यानंतर जंतू मारणे. उकळी फुटल्यावर मिनिटभर पाणी खळखळू दिले तरी पुरते. गॅस महाग वाटत असेल, तर आरोग्य उपकेंद्रातून मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकले, तर ते मातीवरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत पोचायला उरत नाही. म्हणून क्रम उलटा करून चालत नाही.

इथपर्यंतचे सगळे पाण्यात तरंगणाऱ्या गोष्टींबद्दल झाले. बोईसर-तारापूरचा खरा प्रश्न पाण्यात विरघळलेल्या गोष्टींचा आहे.

औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या एखाद्या गावात बोअरच्या पाण्याला पिवळट झाक असते, कधी वास येतो, कधी फेस येतो. घरचे लोक काय करतात? जे माहीत आहे तेच. गाळतात आणि उकळतात. विरघळलेला पदार्थ कापडातून पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो, हे साखरेच्या पाण्यावर कुणालाही करून पाहता येईल. उकळण्याने तर काम बिघडते. समजा पाण्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. दहा लिटर पाणी उकळून आठ लिटर उरले, तर वाफ शुद्ध पाण्याची गेली आणि नायट्रेट सगळे मागे राहिले. आता लिटरमागे ७५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ची आहे आणि जास्त नायट्रेट सर्वांत वाईट बाधते ते बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना, ज्यांच्यासाठी आई मुद्दाम पाणी उकळते. जड धातूंचेही तेच. पटकन उडून जाणारे द्रावक असतील, तर त्यांचा काही भाग वाफेबरोबर निघतो, पण जातो कुठे? बंद स्वयंपाकघराच्या हवेत.

आरओचे यंत्र विरघळलेले क्षार काढू शकते. त्यातल्या पापुद्र्यातून दाबाखाली पाणी जाते, क्षार बहुतेक मागे राहतात. त्यासाठी बरेच पाणी वाया जाते, आणि त्या वाया गेलेल्या पाण्यात काढलेले सगळे असते. काही लहान रेणू मात्र पापुद्र्यातूनही निसटतात. त्यांना धरायला कोळशाचा थर असतो, आणि कोळसा एकदा भरला की भरला. तो भरला हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे रंग, वास किंवा फेस असलेले बोअरचे पाणी घरच्या यंत्राच्या भरवशावर पिऊ नये. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि तोवर प्यायला दुसरा स्रोत शोधावा.

याच भागातली आणखी एक सवय सांगायला हवी. कारखान्यातून भंगारात निघालेली निळी प्लॅस्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात आणि पाणीटंचाईत ती घरोघरी दिसतात. आत रसायन होते हे घेणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो राखेने, साबणाने, गरम पाण्याने पिंप चांगले घासतो. पण काही रसायने प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेली असतात. धुण्याने पृष्ठभाग साफ होतो, मुरलेले हळूहळू पाण्यात उतरत राहते. अशा पिंपात फार तर बागेला, बांधकामाला पाणी साठवावे, आणि तेही आत काय होते ते लेबलवरून कळले तरच. लेबल खरवडून काढलेले पिंप घरात आणूच नये.

तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते. तिथले काम म्हणजे शाळेतला तोच पाठ, फक्त प्रचंड आकारात. आधी जाळ्या लावून तरंगता कचरा अडवतात. मग वेगवेगळ्या कारखान्यांचे आम्ल आणि अल्क पाणी एका टाकीत एकत्र करून सारखे करतात. रसायने घालून गाळ बसवतात. पुढे हवा सोडलेल्या टाक्यांत जिवाणू वाढवतात, ते पाण्यातली सेंद्रिय द्रव्ये खातात, आणि वाढलेल्या जिवाणूंचा गाळ पुन्हा खाली बसवून काढतात. जिवाणूंना जे पचते ते गेले. जे पचत नाही, म्हणजे साधे विरघळलेले क्षार आणि कित्येक हट्टी रसायने, ते पाण्याबरोबर पुढे नवापूरच्या समुद्राकडे जाते. खाली बसलेला गाळही नाहीसा होत नाही, तो घातक कचरा म्हणून कुठे तरी शास्त्रशुद्ध पुरावाच लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होते. या गुणपत्रिकेत पहिला येणे म्हणजे काय, ते सांगायला नको. किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, लवादाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल देऊन कारखान्यांवर भरपाई बसवली. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवली, तरी रसायनशास्त्राची बाजू स्पष्ट आहे. पदार्थ एकत्र मिसळायला काही लागत नाही, वेगळे करायला ऊर्जा आणि पैसा लागतो. शंभर कारखान्यांची पाणी एकत्र झाल्यावर त्यांतून एकेक रसायन काढणे जवळजवळ अशक्य असते. प्रत्येकाच्या दारात, मिसळण्याआधी, तेच काम कितीतरी सोपे असते. घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला कंटाळणाऱ्या माणसालाही हे पटेल.

पालघरच्याच किनाऱ्यावर हे वेगळे करण्याचे काम फुकटच्या उन्हात, आणि फार कौशल्याने, पिढ्यान् पिढ्या झाले आहे. वसई-नायगावपासून वर खाडीकाठाने पसरलेली मिठागरे लोकलच्या खिडकीतून दिसतात. समुद्राचे पाणी उन्हात वाळवले की मीठ मिळते, असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. तसे सरळ वाळवले, तर मिळणारे मीठ तोंडात घालवणार नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले खाण्याचे मीठ साधारण पाऊणपट. बाकी चुना, जिप्सम, मॅग्नेशियमचे कडू क्षार. म्हणून मिठागरात एकच खाचर नसते. भरतीचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे सरकवतात. पाणी आटत जाते, तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम बसते, आणि पाण्याची घनता मोजणारे काच-यंत्र बोमेच्या २५ अंशांच्या आसपास गेले, की मीठ धरू लागते. त्या वेळी पाणी शेवटच्या खाचरात घेतात. मीठ ओढून झाले, पाणी साधारण ३० अंशांजवळ आले, की उरलेले कडू पाणी सोडून द्यायचे, नाहीतर मॅग्नेशियम मिठावर बसते आणि मीठ कडू व ओलसर होते. पुस्तकात याला स्फटिकीकरण म्हणतात. घनतेचे यंत्र नसेल तेव्हा जुने आगरी माणसे हे सगळे पाण्याच्या रंगावरून आणि मिठाच्या दाण्यावरून ओळखत.

या शुद्धीकरणात एक गोष्ट मात्र हातची जाते. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, मिठात ते नावालाही उरत नाही. ते नंतर वरून घालावे लागते, ग्राहकाच्या हाती पोचताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग. २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला देशात बंदी आहे. तरीही मिठागराजवळच्या गावांत खारवलेल्या मासळीसाठी आणलेले जाडे मीठच आमटीत पडते, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून शहरातही ते हौसेने घेतले जाते. मासळीला ते जरूर लावावे. पण घरात गरोदर बाई असेल, तर स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच हवे, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या आयोडीनवर चालते.

ऊर्ध्वपातनाबद्दलचा गैरसमज याहून घातक आहे. मोहाची फुले आंबवून, वाफ धरून दारू गाळणे डोंगराळ तालुक्यांत पिढीजात आहे. इथे उकळण्याच्या अंशातला फरक कामी येतो. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. मिथेनॉल ६५ अंशांच्या जवळ. यावरून काहींना वाटते, की पहिली धार टाकून दिली की विष निघून गेले. हे अंश इतके जवळ आहेत, की मडके आणि नळी यांच्या जोरावर मिथेनॉल पूर्ण वेगळे होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आंबवलेल्या मोहात मुळात मिथेनॉल थोडेच असते. माणसे मरतात ती कारखान्यात द्रावक म्हणून वापरले जाणारे मिथेनॉल कुणीतरी दारूत ओतल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे अशीच गेली. काडी लावून ज्योत पाहण्याची परीक्षा निरर्थक आहे, दोन्ही जळतात. मिथेनॉल चवीवर ओळखू येत नाही आणि त्रासही लगेच होत नाही. बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखते, धाप लागते, डोळ्यांपुढे पांढरे दिसू लागते. तेव्हा झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये. रुग्णालयात लवकर पोचलेल्याचे डोळे आणि जीव दोन्ही वाचवता येतात. पोलिसांच्या भीतीने घरात लपवलेले रुग्ण उशिरा येतात, ही प्रत्येक विषारी दारूकांडातली दुःखाची गोष्ट आहे.

या रुग्णाच्या रक्तातले विष काढतात ते डायलिसिसने, म्हणजे पुन्हा गाळूनच. पापुद्र्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला क्षारांचे पाणी. लहान रेणू पलीकडे निघून जातात, रक्तपेशी आणि प्रथिने अलीकडे राहतात. नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, पहिले उपयोगी यंत्र बनवले तेव्हा पापुद्रा म्हणून सॉसेजचे सेलोफेनचे वेष्टन वापरले होते.

रक्तपेढीतही हाच पाठ चालतो. रक्ताची पिशवी अपकेंद्री यंत्रात गरगर फिरवली, की जड तांबड्या पेशी तळाला आणि पिवळा रक्तद्रव वर येतो, त्याच्यातून पुढे प्लेटलेट वेगळ्या करतात. ताकातून लोणी काढताना रवी फिरवतात, दुधातून साय काढणारे यंत्र फिरते, तसेच हे. एका दात्याच्या रक्ताने त्यामुळे दोन-तीन रुग्णांची गरज भागते. तांबड्या पेशी थंड कपाटात महिनाभराहून अधिक टिकतात, प्लेटलेट खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवूनही जेमतेम पाच दिवस. डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेटची पळापळ होते तिचे एक कारण हे.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा उल्लेख इथे अगदी ओझरता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांना साधे पाणी चालते. २००५-०६ मध्ये आलेल्या तिसऱ्या-चौथ्या संचांना जड पाणी लागते. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू जड असतो, आणि जड पाणी उकळते शंभरच्या किंचित वर, म्हणजे सुमारे १०१.४ अंशांना. एवढ्याशा फरकावर ते वेगळे करायचे, म्हणजे किती टप्पे लागत असतील त्याचा अंदाज करावा.

वेगळे करण्याची जी पद्धत मुलांना सर्वांत आवडते, ती रुग्णालयात सर्वांत उपयोगी पडते. टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात बुडवले, की काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून रंग असेच वेगळे केले होते. मधुमेहाच्या रुग्णाची तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी याच तत्त्वावर करता येते. आणि रेणूंना विजेच्या क्षेत्रात पळवले, तर त्यांच्या भाराप्रमाणे ते कमी-जास्त अंतर जातात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी असेच दाखवले, की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर हा इतिहास नाही, वर्तमान आहे. आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत त्यांची तपासणी होते. पहिली चाचणी अगदी साधी असते. बोटाच्या रक्ताचा थेंब रसायनाच्या पाण्यात टाकतात आणि परीक्षानळीमागे रेषा आखलेला कागद धरतात. रेषा स्पष्ट दिसल्या तर बरे. पाणी गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. पण ते किती आहे, माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी रक्तातली हिमोग्लोबिने वेगळी करून मोजावीच लागतात, आणि त्या दुसऱ्या अहवालासाठी पुन्हा यायला सांगितलेली माणसे कित्येकदा भातलावणी किंवा वीटभट्टीच्या कामात निघून जातात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण बाळाची असते. लग्न ठरण्याआधी किंवा पहिल्या तिमाहीत हा कागद हाती असला, तर समुपदेशकाशी बोलायला वेळ मिळतो. नळी गढूळ झाली असेल, तर कामाला निघण्यापूर्वी आशाताईंकडे दुसऱ्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी.